मस्टर : एका शब्दाची हजेरी

ज्या कचेरींत अद्याप वहीवर सही करण्याची चाल आहे तेथें सकाळीं घाईघाईनें जिना चढणाऱ्या मनुष्याच्या मनांत एकच धास्ती असते : मस्टर साहेबांच्या खोलींत गेलें तर नाहीं ना? हा शब्द मराठींत आतां इतका रुळला आहे कीं त्याला परका म्हणणें जड जातें. ‘मस्टरवर सही केली’, ‘त्याचें नांव अजून मस्टरवर चढलें नाहीं’ अशीं वाक्यें ज्यांनीं इंग्रजीचें एक अक्षरहि गिरविलें नाहीं त्यांच्या तोंडीं सहज येतात. रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बाईला मस्टर म्हणजे काय हें कोश न उघडतां ठाऊक असतें, कारण तिच्या दिवसभराच्या घामाचें मोल त्या कागदावर चढतें, नाहीं तर चढत नाहीं.

शाळेंतल्या इंग्रजी कोशांत ‘टु मस्टर’ या क्रियापदाचा अर्थ ‘एकत्र जमविणें, गोळा करणें’ असा दिलेला असतो. हा अर्थ चूक नाहीं, पण अपुरा आहे. गोळा करण्याला इंग्रजींत क्रियापदांचा तोटा नाहीं. फुलें ‘गॅदर’ करतात, वर्गणी ‘कलेक्ट’ करतात, सभासद ‘असेंबल’ होतात. देवळांत भाविक ‘काँग्रिगेट’ होतात, आणि या शब्दाच्या पोटांत तर ‘ग्रेक्स’ म्हणजे मेंढरांचा कळप हा लॅटिन शब्द दडलेला आहे. परंतु परडींतलीं फुलें कोणी इंग्रज मनुष्य ‘मस्टर’ करणार नाहीं. सैनिक, खलाशी, कैदी, कामकरी आणि फार तर गुरें, यांच्या बाबतींतच हें क्रियापद खऱ्या अर्थानें शोभतें. तेव्हां त्यांत नुसत्या जमविण्यापलीकडे कांहीं तरी असलें पाहिजे. तें काय, हें कळण्यास बरेंच मागें जावें लागतें.

लॅटिन भाषेंत ‘मोनेरे’ असें एक क्रियापद होतें. आठवण देणें, सावध करणें असा त्याचा अर्थ. भाषाशास्त्रज्ञ त्याचें नातें संस्कृतांतल्या ‘मन्’ धातूशीं जोडतात. ज्या धातूपासून मन, मति, मंत्र हे आपल्या नित्य परिचयाचे शब्द झाले त्याचेंच हें दूरचें भावंड. संस्कृतांतला मनुष्य स्वतः मनन करतो, आणि लॅटिनमधला दुसऱ्याला मनन करावयास लावतो, एवढाच काय तो फरक. या ‘मोनेरे’पासून ‘मोन्स्ट्रुम’ हा शब्द झाला. दोन डोक्यांचें वांसरूं जन्मलें किंवा आकाशांत कांहीं अघटित दिसलें, कीं रोमन लोक त्याला ‘मोन्स्ट्रुम’ म्हणत. देवांनीं दिलेला तो इशारा, आणि त्याची शांति करणें हें राज्याचें काम. इशारा म्हटला कीं तो कोणी तरी बोट करून दाखवावा लागतो. म्हणून ‘मोन्स्ट्रारे’ म्हणजे दाखविणें. पुढें पहिल्या शब्दापासून इंग्रजीचा ‘मॉन्स्टर’ म्हणजे राक्षस निपजला, आणि दुसऱ्यापासून फ्रेंच भाषेच्या वाटेनें ‘मस्टर’. राक्षस आणि हजेरीपट हे एका कुळांतले आहेत हें ऐकून पुष्कळ कारकुनांना फारसें आश्चर्य वाटणार नाहीं.

या कुळाचा विस्तार मोठा आहे. वर्गांतला ‘मॉनिटर’ म्हणजे सावध करणारा. कोर्टाचें ‘समन्स’ हेंहि त्याच ‘मोनेरे’चें अपत्य, हळूच दिलेली सूचना असा त्याचा मूळ अर्थ, बेलिफाच्या हातून आलेल्या कागदांत तो हळुवारपणा कोणाला जाणवत असेल तर गोष्ट निराळी! मराठी मनुष्याच्या तोंडीं मॉनिटर, समन्स आणि मस्टर हे तीनहि शब्द आहेत, पण ते एकमेकांचे चुलत भाऊ आहेत याची त्याला कल्पना नसते.

इंग्रजींत हें क्रियापद सुमारें १३०० सालीं दिसूं लागतें, आणि तेव्हां त्याचा अर्थ जमविणें असा नाहींच. दाखविणें, प्रकट करणें, दृष्टीस पडणें हाच त्याचा अर्थ. १४८६ सालीं इंग्लंडांत छापलेल्या ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’ या शिकारीवरच्या ग्रंथांत निरनिराळ्या पशुपक्ष्यांच्या समूहांना कोणतें नांव द्यावें याची एक गंमतीची यादी आहे. तींत मोरांच्या थव्याला ‘मस्टर’ म्हटलें आहे. मोर कांहीं शिस्तीनें रांगेंत उभे राहत नाहींत, कीं त्यांची कोणी गणति करीत नाहीं. मोर पिसारा दाखवितो, आणि त्या दाखविण्यावरूनच हें नांव पडलें असावें. युरोपांतल्या इतर भाषांनींहि हाच अर्थ जपला आहे. इटालियन ‘मोस्त्रा’ म्हणजे प्रदर्शन. जर्मन ‘मुस्टर’ म्हणजे नमुना किंवा नक्षी. डच भाषेंत तर मालाच्या नमुन्याला सरळ ‘मोन्स्टर’ म्हणतात. फ्रेंच लोक मनगटावरच्या घड्याळाला ‘मोंत्र’ म्हणतात, कारण तें वेळ दाखवितें. ही सारी भावंडें दाखविण्यावरच राहिलीं. एकटें इंग्रजी मस्टर दाखवितां दाखवितां जमवूं लागलें. असें कां व्हावें?

याचें कारण भाषेंत सांपडत नाहीं. तें सैन्याच्या खर्चांत सांपडतें.

त्या काळीं इंग्लंडच्या राजापाशीं खडें सैन्य नव्हतें. लढाई आली म्हणजे गांवोगांवचे लोक बोलवावयाचे अशी रीत होती. पहिल्या एडवर्ड राजानें १२८५ सालीं विंचेस्टर येथें एक कायदा केला. १५ ते ६० वर्षांच्या प्रत्येक पुरुषानें आपल्या ऐपतीप्रमाणें घरीं शस्त्र बाळगावें. धनवंतानें घोडा, चिलखत आणि तलवार ठेवावी, गरिबानें निदान धनुष्यबाण ठेवावा. आणि वर्षांतून दोनदां हें सारें अधिकाऱ्यांना दाखवावें. यांतला दाखविण्याचा भाग फार महत्त्वाचा. राजाला माणसें हवीं होतींच, पण माणूस आहे, त्याचें धनुष्य आहे, त्या धनुष्याला दोरी आहे, हें डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय त्याची खात्री पटत नव्हती. आतां दाखवावयाचें तर जमावें लागतें. म्हणून ज्या दिवशीं शस्त्रें दाखवावयाचीं त्या दिवशीं गांवाबाहेरच्या माळावर लोक गोळा होऊं लागले. आणि पुढें त्या गोळा होण्यालाच दाखविण्याचें नांव चिकटलें.

म्हणजे मस्टर करणें याचा खरा अर्थ असा : ज्याचा आपणांवर पुरता विश्वास नाहीं अशा कोणाला तरी पटावें म्हणून माणसांना एकत्र आणून दाखविणें. या अविश्वासाचा वास शब्दाला आजतागायत सुटलेला नाहीं.

आणि अविश्वास दोन्हीं बाजूंनीं होता. १५२२ सालीं आठव्या हेन्रीचा मंत्री कार्डिनल वुल्सी यानें देशभर मोठें मस्टर घेण्याचा हुकूम सोडला. फ्रान्सशीं युद्ध जवळ आलेलें, तेव्हां हुकुमांत वावगें कांहींच दिसलें नाहीं. मात्र सरकारी माणसें जेव्हां गांवोगांव गेलीं तेव्हां त्यांनीं धनुष्यें आणि भाले मोजण्याबरोबरच कोणाची जमीन किती, कोणाच्या घरीं चीजवस्त किती, याचीहि नोंद केली. पाठोपाठ त्याच नोंदीच्या आधारानें राजानें श्रीमंतांकडून सक्तीचें कर्ज उचललें! लोक भाला दाखवावयास गेले आणि थैली दाखवून बसले. यानंतर सरकार मोजावयास आलें कीं लोकांनीं पडवींतलें पाठीमागें लपवावें यांत नवल तें काय?

१५५८ सालीं मस्टरसंबंधानें नवा कायदा झाला. त्यांतलीं कलमें वाचलीं म्हणजे आधींची स्थिति काय होती हें आपोआप कळतें. मस्टरच्या दिवशीं गैरहजर राहणाऱ्याला शिक्षा, आणि पैसे घेऊन माणसाला सोडून देणाऱ्या अधिकाऱ्यालाहि शिक्षा. हे दोन रोग नसते तर हें औषध कशाला लागतें?

तिसरा रोग याहून मोठा होता, आणि तो युद्धभूमीवर दिसून येई. शिपायांचा पगार तुकडीच्या कप्तानाच्या हातीं पडे, आणि तो मस्टरच्या यादीवरील नांवांप्रमाणें पडे. एलिझाबेथ राणीच्या काळीं पायदळांतल्या शिपायाचा रोज ८ पेन्स होता आणि कप्तानाचा ४ शिलिंग. समजा, तुकडीच्या यादींत १५० नांवें आहेत. त्यांतले २० जण मेले, आजारानें खंगले किंवा रातोरात पळून गेले. कप्तानानें तें कळविलें नाहीं तर त्या २० जणांचे रोजचे १३ शिलिंग ४ पेन्स त्याच्या खिशांत. स्वतःच्या पगाराच्या तिपटीहून अधिक! मेलेला शिपाई जिवंत शिपायापेक्षां कप्तानाला अधिक फायद्याचा होता, कारण तो जेवण मागत नाहीं, पायताण मागत नाहीं आणि पगारहि मागत नाहीं. इंग्रजींत या लबाडीला ‘डेड पे’ म्हणजे मृताचा पगार असें रोखठोक नांव होतें. सरकारलाहि ती इतकी ठाऊक होती कीं दर शंभरामागें कांहीं खोटीं नांवें ठेवण्याची कप्तानांना उघड मुभा असे. उरलेल्यांत तरी त्यांनीं इमानानें वागावें अशी आशा. ती आशा फळाला आल्याचें दिसत नाहीं.

तपासनीस येणार असें कळलें कीं कप्तान शेजारच्या तुकडींतून माणसें उसनीं आणी, बाजारांतून हमाल धरून आणी, त्यांच्या हातीं भाला देई आणि रांगेंत उभे करी. गणति झाली कीं भाला परत, हमाल परत. इंग्रजींत या भाडोत्र्यांना पुढें जळणाच्या मोळीचें नांव पडलें. फ्रान्समध्यें त्यांना ‘पास-व्होलां’ म्हणजे उडते पाहुणे म्हणत. या सगळ्यांत नुकसान एकट्या राणीचें होई असें नव्हे. नकाशावर १५० माणसांची तुकडी पाहून सेनापति तिला एखादा पूल राखावयास पाठवी, आणि पुलावर प्रत्यक्षांत शंभरच पोंचत. कागदावर जे पन्नास होते त्यांचा भार या शंभरांच्या माथीं पडे, आणि तो त्यांना प्राणांनीं फेडावा लागे.

अशा वेळीं नेदरलंड्समध्यें स्पेनशीं लढणाऱ्या इंग्रज सैन्याचा मस्टर-मास्टर जनरल म्हणून १५८६ सालीं ज्याची नेमणूक झाली तो शिपाई नव्हता, ज्योतिषी होता. टॉमस डिग्ज त्याचें नांव. सूर्य स्थिर आणि पृथ्वी फिरते हें कोपर्निकसचें मत इंग्रज वाचकांना त्यांच्या भाषेंत त्यानेंच १५७६ सालीं समजावून दिलें. आणि कोपर्निकसच्याहि एक पाऊल पुढें जाऊन, तारे एका कवचाला जडलेले नसून अनंत अवकाशांत पसरलेले आहेत, असें चित्र त्यानें काढलें. अनंत तारे मोजूं पाहणाऱ्या या गणितज्ञावर आतां शिपाई मोजण्याची पाळी आली. काम सोपें वाटतें. पण तारे कप्तानांच्या मालकीचे नव्हते! डिग्जनें नियमावर बोट ठेवून गणति करण्याचा आग्रह धरला, तेव्हां कप्तानमंडळी त्याची हाडवैरी झाली. खरी संख्या सांगणारा मनुष्य कोणत्याहि छावणींत लोकप्रिय होत नाहीं. सोळाव्या शतकांतल्या त्या लढाईच्या हकीकतींत शूर सरदारांचीं नांवें पानोपानीं आहेत. डिग्जचें नांव मात्र शोधावें लागतें. वास्तविक त्यानेंहि एक मोर्चा लढविला होता, आणि तो कांहीं कमी अवघड नव्हता.

यानंतर सुमारें दहा वर्षांनीं शेक्सपिअरनें ‘चौथा हेन्री’ या नाटकाच्या दुसऱ्या भागांत हाच प्रकार रंगभूमीवर आणला. लठ्ठ फॉल्स्टाफ खेड्यांत शिपाई निवडावयास येतो. गांवचे न्यायाधीश त्याच्यापुढें पांच जण उभे करतात. त्यांचीं नांवें मराठींत सांगावयाचीं तर बुरसट, छाया, चामखीळ, दुबळा आणि गोऱ्हा. पांचांत धडधाकट असे बुरसट आणि गोऱ्हा. ते हळूच पैसे चारतात आणि सुटतात. फॉल्स्टाफचा चाकर ३ पौंड मिळाल्याचें त्याच्या कानांत सांगतो. उरलेले तीन मरतुकडे राजाच्या सैन्यांत जातात. छाया नांवाच्या मनुष्याला पाहून फॉल्स्टाफ म्हणतो कीं मस्टरची वही भरण्यास आपल्यापाशीं अशा सांवल्या पुष्कळ आहेत. प्रेक्षक हंसले असतील. पण पिठांत उभ्या असलेल्या कांहीं जणांच्या घरचा मुलगा अशाच कोणा ‘चामखिळी’च्या जागीं गेला असेल, तर तो हंसला असेल असें वाटत नाहीं.

खोट्या नांवाचा एक उपयोग मात्र चांगला झाला, तोहि सांगितला पाहिजे. अठराव्या शतकांत इंग्लंडच्या आरमारानें प्रत्येक जहाजाच्या यादीवर दर शंभर माणसांमागें दोन काल्पनिक खलाशी मुद्दाम ठेवले. त्यांना ‘विधवांचे पुरुष’ म्हणत. ते कधीं जहाजावर चढले नाहींत कीं बुडाले नाहींत. त्यांच्या नांवें निघणारा पगार मृतांच्या विधवांच्या फंडांत जाई. कप्तान जी लबाडी चोरून करी ती सरकारनें उघडपणें आणि भल्या कामासाठीं केली, एवढेंच.

जहाजाबरोबर हा शब्द जगभर गेला. न्यू साउथ वेल्सच्या वसाहतींत कैदी आणि वसाहतवाले यांचीं मस्टरें होत. तेथें १८२८ सालीं पहिली खानेसुमारी झाली, तोंवर लोकसंख्या कळण्याचें साधन तेंच होतें. ऑस्ट्रेलियांत आजहि विस्तीर्ण कुरणांवर पांगलेलीं गुरें एकत्र आणण्याला मस्टर हाच शब्द आहे. गुरें जमलीं कीं तीं मोजतात, तेव्हां जुना अर्थ तेथेंहि सुटला नाहीं.

हिंदुस्थानांत हा शब्द दोन दरवाजांनीं शिरला. एक दरवाजा पोर्तुगीजांचा. त्यांच्या भाषेंतल्या ‘मोस्त्रा’वरून मालाच्या नमुन्याला पश्चिम किनाऱ्यावरचे व्यापारी ‘मस्टर’ म्हणूं लागले, आणि हा अर्थ थेट चीनच्या बंदरांपर्यंत पोंचला, असें यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशांत नोंदलें आहे. गंमत अशी कीं मराठींत त्या वस्तूला जो ‘नमुना’ शब्द आहे तोहि फारशींतल्या दाखविणें या अर्थाच्या ‘नमूदन’ या क्रियापदापासून आलेला. व्यापारी कोठलाहि असो, त्याला आधीं दाखवावें लागतें. दुसरा दरवाजा इंग्रजांच्या पलटणींचा आणि कचेऱ्यांचा. त्यानें आलेलें मस्टर म्हणजे हजेरी. पहिला अर्थ आज जवळजवळ लोपला. दुसऱ्यानें घराघरांत ठाण मांडलें.

शब्द नवा असला तरी वस्तु मात्र या देशाला नवी नव्हती. अल्लाउद्दीन खिलजीनें घोड्यांना डाग देण्याची आणि शिपायांच्या वर्णनाची नोंद ठेवण्याची पद्धति चालविली होती. १५७३-७४ च्या सुमारास अकबरानें ती पुन्हां कडकपणें सुरू केली. घोड्याच्या अंगावर डाग आणि स्वाराचा ‘चेहरा’, म्हणजे नाकडोळे, वर्ण, जखमांच्या खुणा यांचें टिपण. तरीहि काय झालें? बदाऊनी हा त्याच दरबारांतला इतिहासकार मोठ्या तिटकाऱ्यानें लिहितो कीं अमीर लोक पाहणीच्या दिवशीं भलत्याच माणसांना स्वार म्हणून उभें करीत, कोष्टी, पिंजारी, सुतार, भाजीविके उसन्या घोड्यांवर बसून येत, आणि काम संपलें कीं घोडे आपापल्या मालकांकडे जात. दिल्ली आणि लंडन यांच्यांत तेव्हां साधें टपालहि नव्हतें, पण लबाडीचा नमुना हुबेहूब एक. पगार आणि यादी जेथें जेथें जोडली जाते तेथें तेथें ती आपसुक उगवते, तिला बियाणें लागत नाहीं.

शिवछत्रपतींच्या किल्ल्यांवरची व्यवस्था या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. किल्ला एकाच्या हातीं न देतां हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन समान दर्जाचे अधिकारी तेथें नेमले जात. शिबंदीचा हजेरीपट आणि हिशेब सबनिसाकडे. डिग्ज एकटा होता म्हणून पेंचांत सांपडला. येथें गणति करणारा हुकूम करणाऱ्याचा ताबेदार नव्हता, त्याच्या बरोबरीचा होता. आज सबनीस हें आडनांव लावणाऱ्या पुष्कळांना आपले पूर्वज मस्टर-मास्टर होते हें ठाऊकहि नसेल!

मस्टर आणि हजेरी हे शब्द आज एकाच वहीला लावले जात असले तरी त्यांची दृष्टि निराळी आहे. हजेरी अरबींतल्या ‘हाजिर’पासून आली, हाजिर म्हणजे समोर असणें. हजेरींत मनुष्य असतो. मस्टरमध्यें तो दाखविला जातो. मात्र एका ठिकाणीं दोघांची गांठ पडते. मराठींत ‘त्याची चांगलीच हजेरी घेतली’ म्हणजे त्याला रागें भरलें. इंग्रजींत रागें भरण्याला ‘अ‍ॅडमॉनिश’ असा शब्द आहे, आणि तोहि त्याच ‘मोनेरे’चा वंशज. मोजणी आणि खरडपट्टी यांचा सहवास दोन्हीं भाषांना सारखाच जाणवलेला दिसतो.

लष्करांतून हें क्रियापद नेहमींच्या बोलण्यांतहि आलें. ‘पास मस्टर’ म्हणजे पाहणींत टिकणें. हा प्रयोग सोळाव्या शतकांतला. ‘धैर्य मस्टर करणें’ हाहि जवळपास तितकाच जुना. मराठींत आपण धीर एकवटतो, आणि तें भाषांतर म्हणून चालतें. पण इंग्रजी प्रयोगांत थोडें अधिक आहे : घाबरलेला मनुष्य आपल्या मनाच्या माळावर उभा राहून, पळून गेलेले, आजारी, उसने सारे शिपाई वगळून, खरोखरच किती धैर्य शिल्लक आहे याची गणति करतो. ती संख्या बहुधा यादीहून कमीच भरते.

महाराष्ट्रांत या शब्दाला खरी धार आली ती दुष्काळी कामांवर. १९६५ सालीं सांगली जिल्ह्यांत तासगांव तालुक्यांतल्या विसापूर येथें वि. स. पागे यांच्या कल्पनेनें मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. पुढें १९७२-७३ चा भयंकर दुष्काळ आला. १९७३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्रांतल्या दुष्काळी कामांवर सुमारें ५० लाख माणसें राबत होतीं. रोजगार हमीचा कायदा विधिमंडळानें केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. पाझर तलावांच्या बांधावर, रस्त्यांच्या खडीवर मस्टर हा शब्द घरोघरच्या बायकांच्या तोंडीं बसला तो या काळांत. कारण येथें यादी म्हणजे भाकरी. आणि जुना रोगहि आला. मस्टरवर कधीं कामावर न आलेल्यांचीं नांवें असत, आणि आलेलीचे दिवस कमी पडत. इंग्रज कप्तान मेलेल्याच्या नांवें पगार खाई. येथें जिवंत बाईच्या कमाईंतून खाणारे निघाले. तिला वाचतां येत नव्हतें; आणि वाचतां आलें असतें तरी तो कागद तिला दाखवीत कोण?

याच प्रश्नावर राजस्थानांत चळवळ उभी राहिली. १९९० सालीं देवडुंगरी या लहानशा गांवीं ‘मजदूर किसान शक्ति संघटन’ स्थापन झाली. अरुणा रॉय या तिच्या संस्थापकांपैकीं एक. २ डिसेंबर १९९४ रोजीं पाली जिल्ह्यांतल्या कोट किराना येथें तिनें पहिली जनसुनवाई भरविली. सरकारी कामांचीं मस्टरें मिळवून तीं भर सभेंत मोठ्यानें वाचून दाखविण्यांत आलीं. या व नंतरच्या सुनवायांत नांव वाचलें कीं गर्दींतून आवाज येई : हा तर मेला; हा तर गांव सोडून गेला; मी तर त्या कामावर गेलेंच नाहीं. सातशें वर्षांत प्रथमच या शब्दाची दिशा फिरली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. आजवर माणसांना गोळा करून राजाला दाखवीत; येथें यादी माणसांना गोळा करून त्यांनाच दाखविली गेली. ‘मोन्स्ट्रारे’ म्हणजे दाखविणें, हें त्या सभेंतल्या कोणालाहि ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक असण्याची जरुरीहि नव्हती.

२००५ सालीं माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला, आणि त्याच सालच्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यांत सामाजिक अंकेक्षणासाठीं मस्टरें ग्रामसभेपुढें ठेवावीं असें कलमच घालण्यांत आलें. पुढें सरकारला कागदावरहि भरंवसा राहिला नाहीं. १ जानेवारी २०२३ पासून त्या योजनेच्या कामांवर मोबाइलवरून हजेरी घेणें आणि दिवसांतून दोनदां मजुरांचें छायाचित्र पाठविणें सक्तीचें झालें. डिग्जच्या हातीं असें यंत्र असतें तर त्याला काय वाटलें असतें कोण जाणे. परंतु २०२५ च्या जुलै महिन्यांत केंद्राच्या ग्रामविकास खात्यालाच राज्यांना कळवावें लागलें कीं कांहीं ठिकाणीं कामाशीं संबंध नसलेलीं छायाचित्रें येतात, आणि कांहीं ठिकाणीं तर प्रत्यक्ष मजुरांऐवजीं त्यांच्या जुन्या छायाचित्राचेंच पुन्हां छायाचित्र काढून पाठवितात. भाल्याऐवजीं फावडें, आणि उसन्या हमालाऐवजीं उसनी तसबीर. फॉल्स्टाफच्या वहींतला छाया हा शिपाई चारशें वर्षांनीं अशा रीतीनें पुन्हां कामावर हजर झाला.